चार तारखा आणि एक बिबट्या

घरात एकजण आयटीत असला की त्याच्याकडे दोन प्रकारची कामं येतात. एक म्हणजे प्रिंटर चालत नाहीये, जरा बघ. आणि दुसरं, आमच्या पोरीला पुढे काय करायचं ते सांग. पहिलं मला अजिबात येत नाही, त्यामुळे दुसऱ्यात मी जरा जास्तच उत्साह दाखवतो.

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि मावशीचा फोन आला. मावशी शिरूर तालुक्यात, बेट भागात, टाकळी हाजीच्या पुढे राहते. घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. जिकडे बघाल तिकडे ऊस. तिची धाकटी यंदा बारावी सायन्सला. (तिला नाव आहे, पण घरात तिला सगळे 'धाकटी'च म्हणतात, म्हणून इथेही तेच.) प्रश्न असा होता की क्लासवाले सर म्हणतायत जेईईचा जानेवारीचा फॉर्म या महिन्यातच भरायचा, तर भरायचा का? आणि सीईटी आता दोनदा होणार म्हणे, मग दोनदा द्यायची का? आणि एवढ्या परीक्षा द्यायच्या तर बोर्डाचा अभ्यास कधी करायचा?

म्हटलं, शनिवारी येतो. एक्सेल घेऊन येतो. :-)

माझं डोकं कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढे माझा पोपट कसा झाला ते कळेल. मेनची परीक्षा २०१९ पासून वर्षातून एकाहून जास्त वेळा होते. कोविडच्या २०२१ साली तर ती चार वेळा झाली. आता एक जानेवारीत, एक एप्रिलमध्ये. दोन्ही दिल्या तर त्यातला चांगला स्कोअर धरतात. आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी इतकी वर्षं एकदाच असायची. पण २०२६ पासून तीही दोनदा होणार, पहिली एप्रिलमध्ये आणि दुसरी ऐच्छिक मे महिन्यात, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यातही चांगला पर्सेंटाइल धरणार. म्हणजे एका मुलीला चार चान्स. एकीत ८८ आला, दुसरीत ९१, तर ९१ तुमचा. ८८ कुणी विचारत नाही. मग जास्तीचा चान्स तोट्याचा कसा असेल? दोन आकड्यांतला मोठा आकडा हा कुठल्याही एका आकड्यापेक्षा कमी असूच शकत नाही. झालं, प्रश्न सुटला. चारही द्या.

याच हिशोबाने आदल्या वर्षी मी आमच्या दौंडच्या शेजाऱ्यांच्या मुलाला सल्ला दिला होता. त्याने चारमधल्या तेव्हा उपलब्ध असलेल्या तिन्ही दिल्या आणि मस्त पार पडलं. पुण्यात क्लास, तिथे बारावीचा पोर्शन नोव्हेंबरातच संपलेला. परीक्षेच्या दिवशी पहाटे दौंड स्टेशनवर चालत जायचं आणि पुण्याची गाडी पकडायची. दौंड जंक्शनला रात्र अशी होतच नाही. तीन वाजतासुद्धा चहा मिळतो, अनाउन्समेंट चालू असते, कुणीतरी भांडत असतं. मी तिथेच वाढलोय, त्यामुळे पहाटे साडेचारला घराबाहेर पडणं हा काही प्रॉब्लेम असू शकतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

शनिवारी सकाळी खराडीहून निघालो. वाघोलीच्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही, दुसरी पोस्ट होईल. शिरूरवरून आत वळलो आणि एकेक वस्ती मागे पडायला लागली, तसं लक्षात आलं की रस्त्यावर माणसं कमी आहेत. जी होती त्यांच्या हातात काठी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये जवळच्या पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, त्यात लहान मुलंही होती. शेवटी वनखात्याला तिथल्या नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. पेपरात वाचलं होतं मी हे सगळं. पण पेपरात वाचणं वेगळं आणि मावशीने दारातच "गाडी अगदी पायरीपाशी लाव" म्हणणं वेगळं.

चहा झाला. मी लॅपटॉप उघडला. चार ओळी, चार रंग. जेईई जानेवारी पिवळी, बोर्ड लाल, जेईई एप्रिल आणि सीईटी एक हिरव्या, सीईटी दोन निळी. मधल्या रकान्यांत आठवडे आणि चॅप्टर. खरं सांगतो, क्लायंटला दाखवावं इतकं सुंदर झालं होतं.

काकांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "यात तोड कुठंय?"

"काय?"

"उसाची तोड. जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी आपला नंबर लागंल. टोळी आली की मला फडातून हलता येत न्हाई. मग हिला परीक्षेला न्यायचं कुणी?"

माझ्या एक्सेलमध्ये 'हिला परीक्षेला नेणं' अशी ओळच नव्हती. पुण्यातल्या मुलाच्या एक्सेलमध्ये ती लागतही नाही. कॅब बोलावली, झालं. इथे हिशोब असा की जेईईच्या सकाळच्या शिफ्टचा पेपर नऊला, पण गेट साडेआठला बंद. सेंटर पुणे नाहीतर नगर (आता अहिल्यानगर, पण काकांच्या तोंडी नगरच). घरापासून तिथपर्यंत आरामात दोन तास. म्हणजे सहाच्या आत निघायला हवं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या पुढे उगवतो. म्हणजे बारावीची मुलगी आणि बाप मोटरसायकलवर, मिट्ट काळोखात, दोन्ही बाजूंनी उभा ऊस. शिफ्ट आपल्याला निवडता येत नाही. दुपारची मिळाली तर पेपर सहाला सुटणार, म्हणजे येताना काळोख.

मावशी एवढंच म्हणाली, "एप्रिलपर्यंत ऊस तुटलेला असतो."

मी तरी माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, आदल्या दिवशी जाऊन राहू, मी सुट्टी टाकतो, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. (आमचे मॅनेजर हे वाचत असतील तर, सर, जानेवारीची सुट्टी लागणार नाहीये.)

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली धाकटी म्हणाली, "दादा, एका दिवसाचा नाहीये. तू माझं प्रॅक्टिकल कुठे लिहिलंयस?"

नव्हतं लिहिलं. बोर्डाची लेखी परीक्षा १० फेब्रुवारी २०२६ ला सुरू होणार होती आणि प्रॅक्टिकल्स त्याआधी, जानेवारीच्या शेवटापासून. जेईईचं जानेवारी सत्रही नेमकं २१ तारखेपासून त्याच दिवसांत. शिवाय तिच्या कॉलेजात पोर्शन अजून चालू. फिजिक्सचे शेवटचे चॅप्टर डिसेंबरात होतील असं सर म्हणालेत, म्हणजे जानेवारी उजाडणार. पूर्वपरीक्षा त्याच्यावर. आणि जेईईला अकरावी आणि बारावी दोन्ही लागतं. म्हणजे जो चॅप्टर आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिला, त्यावर देशातल्या सगळ्यात तयार पोरांसोबत पेपर द्यायचा.

"पण स्कोअर वाईट आला तरी धरत नाहीत ना," मी.

"तू नाही धरणार. मी धरणार ना. निकाल कधी लागतो ते बघितलंस का?"

बघितलं. तिच्यासमोरच शोधलं. २०२५ साली जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा निकाल लागला ११ फेब्रुवारीला. आणि त्या वर्षी महाराष्ट्र बोर्डाची बारावी सुरू झाली तीसुद्धा ११ फेब्रुवारीला. तोच दिवस! म्हणजे त्या वर्षी कितीतरी पोरं इंग्रजीचा पेपर लिहून घरी आली असतील आणि हातपाय धुवायच्या आत मोबाईलवर पर्सेंटाइल पाहिला असेल. २०२६ चा निकालही साधारण त्याच सुमाराला येणार होता.

दोन आकड्यांतला मोठा आकडा घ्यायचा हे गणित बरोबरच आहे. पण त्यात गृहीत धरलंय की पहिला आकडा दुसऱ्याला हात लावत नाही. सर्व्हरचं तसं असतं. एक रिक्वेस्ट फेल झाली म्हणून दुसरी रडत बसत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं तसं नसतं, आणि हे मला तिने सांगायला लागावं याची जरा लाज वाटली. कारण मला ते माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

माझी बारावी २०१६ ची, दौंडला. आमच्या बॅचची गंमत अशी की आम्ही जून २०१४ मध्ये अकरावीला गेलो तेव्हा राज्यातली इंजिनिअरिंगची ॲडमिशन जेईई मेन आणि बोर्डाचे मार्क निम्मे-निम्मे धरून व्हायची. त्यामुळे क्लासमध्ये सगळं जेईई जेईई. मग मधेच ठरलं की २०१६ पासून परत राज्याची सीईटी. पुस्तकं घेतलेली, फी भरलेली, सवयी लागलेल्या. सरांनी सांगितलं, जेईईची तयारी केली की सीईटी आपोआप होते. वाक्य ऐकायला फार भारी आहे.

बोर्ड संपल्यावर मार्चभर मी अकरावीचे चॅप्टर घोकले, कारण जेईईला ते होते. एप्रिलच्या सुरुवातीला जेईई दिली आणि आपटलो. मग महिन्याभरात सीईटी. तेव्हा ती ओएमआर शीटवर असायची, गोल रंगवायचे. ती होती फक्त बारावीवर आणि तिला निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. चुकलं तरी काही कापत नव्हते. हे मला माहीत होतं. हॉल तिकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं. पण दोन वर्षं हाताला एकच वळण लावलं होतं की खात्री नसेल तर सोड. मॅथ्सच्या पेपरला शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा नऊ प्रश्न कोरे होते, आणि मी ते एकेक सोडवत बसलो. दोन सुटले. बेल झाली. सात गोल कोरे. मॅथ्सला एका प्रश्नाला दोन मार्क. डोळे मिटून रंगवले असते तरी चारातला एक या हिशोबाने एक-दोन तरी बरोबर आले असते.

बाहेर आलो तेव्हा वडील गेटसमोर रसवंतीपाशी उभे होते. "सगळे सोडवले ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. आजतागायत त्यांना ते सात गोल माहीत नाहीत. (आता कळतील. बाबा, सॉरी.) त्या तीन-चार मार्कांमुळेच हवं ते कॉलेज हुकलं असं मी म्हणणार नाही, तेवढ्याने भागलं नसतं. पण कुठली परीक्षा कुठल्या परीक्षेच्या मागे लागून येते याने फरक पडतो, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. बसलंय म्हणजे, बसलं होतं. मग नोकरी लागली, एक्सेल आलं.

हे मी धाकटीला सांगितलं. तिने मला धीर वगैरे दिला नाही. ती म्हणाली, "आताही सीईटीला निगेटिव्ह नाहीये ना? मग जेईईनंतर आणि सीईटीच्या आधी मला फक्त एकही न सोडता लिहायचे पेपर हवेत. किती दिवस मिळतात बघ."

मधेच मावशीने थोरलीचा विषय काढला. थोरलीने २०२४ ची नीट दिली होती. नीट वर्षातून एकदाच, मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, त्यामुळे कधी द्यायची हा प्रश्नच नसतो. पण त्या वर्षी ४ जूनला निकाल लागल्यावर पेपरफुटीचं प्रकरण पेटलं, फेरपरीक्षा होणार की नाही ते २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने नाही म्हणेपर्यंत कुणालाच कळेना. ते सात आठवडे थोरलीने पुस्तकं बांधायची की परत उघडायची यात काढले. त्यामुळे या घरात 'आणखी एक चान्स' हा शब्द ऐकून कुणी नाचत नाही. आत्ता नाशिकला नर्सिंग करतेय ती. बरं चाललंय.

जेवण झालं. (मासवडी. त्याबद्दलही वेगळी पोस्ट होईल.) जेवणानंतर धाकटीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "मला जायचंय कुठे ते तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं! कामाच्या ठिकाणी कुणी रिक्वायरमेंट न विचारता डिझाईन आणलं तर मी त्याला मीटिंगमध्ये सोलतो. आणि इथे सकाळपासून रंग भरत बसलो होतो.

तिला जायचंय पुण्याला, सीओईपीला नाहीतर त्याच्या खालोखाल जे मिळेल तिथे. राज्याबाहेर जायचं नाही. घरच्यांनी नको म्हटलंय म्हणून नव्हे, तिला स्वतःलाच नाही जायचं. आता हे एक वाक्य कळल्यावर सगळं उलटं बसतं. महाराष्ट्रातल्या मुलांना राज्याच्या कॅप राउंडमधल्या बहुतेक जागा सीईटीवर मिळतात. जेईई मेनवर ऑल इंडियाच्या थोड्या जागा, आणि मग एनआयटी वगैरे. म्हणजे तिच्यासाठी खरी परीक्षा सीईटी. सीईटीत ऐंशी टक्के भार बारावीवर आणि वीस टक्के अकरावीवर, तोही आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमाला धरून. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत ती बोर्डासाठी जे करणार, ते सीईटीसाठीच करणार. बोर्डाचे मार्क मेरिटला धरत नाहीत, पात्रतेपुरते लागतात, म्हणून क्लासवाले बोर्डाला नावं ठेवतात. पण जिचा पोर्शनच जानेवारीत संपतो, तिच्यासाठी बोर्ड म्हणजे सीईटीची पहिली पूर्ण उजळणी आहे. त्यात जानेवारीची जेईई मधे घालणं म्हणजे प्रॉडक्शन रिलीजच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्याच प्रोजेक्टचं काम घेणं.

मग सरांचं म्हणणं चूक का? चूक नाही. ज्याचा पोर्शन दिवाळीला संपलाय, ज्याला एनआयटी हवीय, ज्याच्या घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, त्याने जानेवारी जरूर द्यावी. दौंडच्या त्या पोराला मी आजही तेच सांगेन. सर हे सगळ्यांना एकाच सुरात सांगतात ही खरी गडबड आहे. आणि वर वर्गात एक अफवा होती की जानेवारीचा फॉर्म भरला नाही तर एप्रिलला बसता येत नाही. निम्म्या पोरींनी त्या भीतीने भरलेला. तसं काही नाहीये. एप्रिल सत्राचा फॉर्म वेगळा निघतो, तो नव्याने भरता येतो, फी वेगळी. हे मात्र मी छातीठोकपणे सांगितलं, आणि तेवढ्यावर दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं गेलं.

तीनच्या सुमारास शीट तयार झाली. पिवळी ओळ गेली. जेईई एप्रिलमध्ये एकदाच, बोर्ड संपल्यावर, फार अपेक्षा न ठेवता, कॉम्प्युटरवर पेपर द्यायची सवय म्हणून. लगेच पुढे सीईटी, हीच खरी. मेची सीईटी आज ठरवायचीच नाही, पहिलीचा पेपर कसा गेला ते पाहून मग. मी म्हटलं, मे आत्ताच पक्की लिहून ठेवू, ती तर फुकटचा चान्स आहे. धाकटी नाही म्हणाली. "दुसरी आहे असं लिहिलं की पहिलीत मी ढिली पडेन. मला माहितेय." यावर आमचं एकमत झालेलं नाही. माझं अजूनही म्हणणं आहे की मेची द्यावी. तेव्हा बोर्ड नाही, कॉलेज नाही, ऊस नाही, उजाडतंही लवकर.

काकांनी त्यांची तोडीची ओळ घालून घेतली, राखाडी रंगात. सेंटरसाठी पहिली पसंती नगर. शिरूरहून नगर पुण्यापेक्षा जवळ, आणि वाघोली लागत नाही. जिल्हा पुणे म्हणून सेंटर पुणेच टाकायचं असं तिच्या वर्गात सगळे करत होते.

साडेचारला काका उठलेच. "निघ आता. दिवस हाये तवर हमरस्त्याला लाग." मावशीने मासवडीचा डबा दिला, धाकटीने शीट व्हॉट्सॲपवर पाठवून घेतली.

एक गोष्ट राहिलीच आहे. एप्रिलमध्ये शिफ्ट सकाळची आली तर आदल्या रात्री नगरला राहावं लागेल, आणि नगरला आमचं कुणी नाही. मावशीने तिच्या माहेरच्या लांबच्या एका वहिनींना फोन केलाय. त्या केडगावला असतात. नगरचं केडगाव की दौंडचं, हे तिलाच नक्की आठवत नाहीये.